बाबा 'गो' करतात आणि आई 'गोज' करते: वर्तमानकाळातली इंग्रजी क्रियापदं परत परत का चुकतात आणि काय केलं की थांबतात

माझी भाची सहावीत आहे, इंग्लिश मीडियमला, आणि गेली दोन वर्षं तिच्या वहीत एकच शेरा येतोय, 'चेक युअर व्हर्ब्ज'. निबंध असो, पत्र असो, पाच ओळींचं 'माय फॅमिली' असो, 'गो' आणि 'गोज'ची गडबड ठरलेली. बहीण वैतागून तिला संध्याकाळी माझ्याकडे पाठवायला लागली. इथे इंदूरला रामबागेत मी घरीच पाच-सहा मुलांची ट्यूशन घेते, सगळी आपल्या मराठी घरातली, घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्लिश अशी तीन भाषांमध्ये दिवसभर ये-जा करणारी. आणि खरं सांगते, सगळ्यांचा प्रॉब्लेम थोड्याफार फरकाने हाच होता, म्हणून सविस्तर लिहितेय, ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांना उपयोगी पडेल.

आधी जे सगळे करतात तेच मी पण केलं. तक्ता पाठ. आय गो, वी गो, यू गो, दे गो, ही गोज, शी गोज, इट गोज. कपाटाच्या दारावर चिकटवला, रोज म्हणून घेतला, पाढ्यासारखा घडाघडा म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी निबंधात परत 'माय फादर गो टू ऑफिस'. मी रागावले पण, दहा-दहा वेळा लिहायला लावलं, त्याचा एवढाच परिणाम झाला की तिला इंग्लिशची वही उघडायचीच भीती वाटायला लागली. म्हणजे पाठांतरात काही कमी नव्हतं. नियम येतोय, विचारला तर सांगतेय, पण लिहिताना हात दुसरंच काहीतरी लिहितोय.

मग एका रविवारी पोहे-जलेबी आणली होती, खाणं झालं, वही समोर होती, आणि मी चुका दुरुस्त करायच्या ऐवजी फक्त एवढं बघितलं की चूक कोणाच्या नावापुढे झालीये आणि कोणाच्या नावापुढे नाही. 'माय मदर कुक्स', बरोबर. 'माय ब्रदर प्लेज', बरोबर. 'माय ग्रँडमदर वॉटर्स द तुळस', बरोबर, आणि हे वाक्य तर अवघड होतं. 'माय फादर गो', चूक. 'माय ग्रँडफादर रीड द न्यूजपेपर', चूक. 'अवर प्रिन्सिपल से', चूक. मी तिला म्हटलं, आता हीच वाक्यं मला मराठीत सांग. ती म्हणाली, आई स्वयंपाक करते, भाऊ खेळतो, आजी तुळशीला पाणी घालते, बाबा ऑफिसला जातात, आजोबा पेपर वाचतात, प्रिन्सिपल सर म्हणतात.

जातात, वाचतात, म्हणतात.

तिथे मला कळलं की पोरगी चुकत नाहीये, पोरगी मराठी अगदी नीट बोलतेय. आपल्यात बाबा एकटे असले तरी क्रियापद अनेकवचनी लागतं, आदरार्थी. आईला आणि आजीला आपण 'येते, जाते' म्हणतो, बाबांना आणि आजोबांना 'येतात, जातात'. ती डोक्यात 'जातात' ऐकते, 'जातात' म्हणजे अनेकवचन, अनेकवचनाला इंग्रजीत नुसतं 'गो', आणि तेच लिहिते. तक्त्यातला नियम तिने शंभर टक्के पाळलाय, फक्त माणूस एक की अनेक हे ठरवताना ती मराठीचं ऐकते. आणि गल्लीतली हिंदी इथे मदत करत नाही, उलट तीच चूक पक्की करते, कारण हिंदीत पण 'पापा आते हैं', 'सर बोलते हैं'. म्हणून आपल्या इंदूरच्या मुलांना ही चूक दोन्ही बाजूंनी चिकटते.

हे एकदा दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. आमच्या शेजारच्या वहिनी इंटरव्ह्यूची तयारी करत होत्या, त्यांनी स्वतःची ओळख लिहून आणली, त्यात 'माय मदर-इन-लॉ लिव्ह विथ अस'. बाकी स्त्रियांची वाक्यं बरोबर, 'माय सिस्टर वर्क्स', 'माय डॉटर स्टडीज', फक्त सासूबाई चुकल्या, कारण सासूबाई 'राहतात'. नवऱ्याबद्दल तर त्यांनी एके ठिकाणी 'दे वर्क इन अ बँक' लिहिलं होतं, मला क्षणभर कळलंच नाही कोण 'दे', मग लक्षात आलं, 'हे बँकेत काम करतात', त्यातला 'हे'. शाळेत अहिल्याबाईंवर निबंध तर दर वर्षी असतो, त्यात वर्तमानकाळ नसला तरी रोग हाच, 'अहिल्याबाई वेअर अ ग्रेट क्वीन'. बाईंनी १७६७ ते १७९५ राज्य सांभाळलं, बाई एकच, आणि मुलं आदराने त्यांना 'वेअर' लावतात. पाहिजे 'अहिल्याबाई वॉज'.

आता इलाज. मी भाचीला म्हटलं, इंग्रजीत क्रियापद लिहायच्या आधी डोकी मोजायची, बाबा किती, एक, मग 'गोज'. तर ती वही बंद करून माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "पण मावशी, बाबांना 'जातो' कसं म्हणायचं गं? ते बरं दिसतं का?" म्हणजे मुलीला व्याकरण खटकत नव्हतं, तिला तो उर्मटपणा वाटत होता. ही अडचण अगदी खरी आहे आणि हिच्यावरून घाईत पुढे गेलात तर चूक परत येते, म्हणून इथे मी तिला जरा वेळ देऊन समजावलं. इंग्रजीत पण एके काळी आपल्यासारखंच होतं. एकट्या माणसाला 'दाऊ' म्हणायचे, आपला 'तू', आणि अनेकांना 'यू', आपला 'तुम्ही'. मग मोठ्या माणसाला, एकटा असला तरी, आदराने 'यू' म्हणायला लागले, आणि असं करत करत सगळेच सगळ्यांना 'यू' म्हणायला लागले, सतराव्या शतकात 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेला. म्हणून तर आज समोर एकच माणूस असला तरी आपण 'यू आर' म्हणतो, 'यू इज' नाही. तो 'आर' म्हणजे आपला 'आहात' आहे. पण आदराचं अनेकवचन त्यांच्याकडे 'यू'पाशीच थांबलं, 'ही' आणि 'शी'ला ते कधी लागलंच नाही. तिथल्या राजाबद्दल बोलताना पण 'द किंग इज'च म्हणतात, आणि त्यात राजाचा अपमान होत नाही. हे ऐकल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला. राजाला 'इज' चालतं तर बाबांना 'गोज' चालेल, असं तीच म्हणाली.

मग रोजच्या वापरासाठी आम्ही एक टेस्ट ठरवली, दादा टेस्ट. बाबा, आजोबा, सर, मॅडम, सासूबाई, डॉक्टर, कलेक्टर, ज्यांना आपण 'येतात' म्हणतो त्यांच्या जागी मनातल्या मनात 'दादा' ठेवायचा. दादा येतो. दादा वाचतो. आता 'येतो' ऐकू आलं की 'कम्स'. ज्या घरात दादालाही 'येतात' म्हणतात त्यांनी धाकटा भाऊ ठेवावा. मॅडमच्या जागी ताई, ताई शिकवते, म्हणून 'मॅडम टीचेस'. पहिले आठ-दहा दिवस वहीच्या समासात खरंच बारीक अक्षरात 'दादा' लिहायला लावलं, नंतर गरज नाही पडली.

ही टेस्ट वस्तूंना लागत नाही, तिथे मोजायची पद्धतच वेगळी आहे. आपल्याकडे पोहे अनेकवचनी, 'पोहे छान झालेत', म्हणून मुलं 'द पोहा आर हॉट' लिहितात. इंग्रजीत एक-एक मोजता येत नाही अशा गोष्टीला एकवचन, 'द पोहा इज हॉट'. तांदळाचं तेच, 'राइस इज'. केस पांढरे 'आहेत' पण 'हेअर इज ग्रे'. आणि उलटं पण आहे, चष्मा आपल्याकडे एक, त्यांच्याकडे 'माय ग्लासेस आर', कात्री एक पण 'द सिझर्स आर', पँट एक पण 'द पँट्स आर', दोन काचा, दोन पाती, दोन पाय आहेत म्हणून. 'एव्हरीबडी'पाशी पण थांबा, सगळे 'येतात' म्हणून 'एव्हरीबडी कम' होतं, ते 'एव्हरीबडी कम्स' पाहिजे, कारण त्या शब्दात 'प्रत्येक जण' आहे, आणि प्रत्येक जण 'येतो'. हे मात्र थोडं पाठच करावं लागतं, दुसरा रस्ता मला नाही सापडला.

दुसरी हटकून येणारी चूक, 'ही डज नॉट गोज'. ह्याच्यावर मी पूर्वी खूप डोकं आपटलंय. 'डज आलं की एस काढा' असं सांगून मुलं विसरतात, कारण का काढायचा ते कळत नाही. पण हे तर मराठीत आपण दिवसभर करतो! बघा, 'ते जातात', नकार करा, 'ते जात नाहीत'. 'जातात'मधलं अनेकवचन कुठे गेलं? उठून 'नाही'वर जाऊन बसलं, 'नाहीत'. मागे राहिलं नुसतं 'जात', कोरं. 'ते जातात नाहीत' असं घरातलं दोन वर्षांचं पोर पण म्हणत नाही. इंग्रजीत अगदी हेच होतं, 'गोज'चा 'एस' उठतो आणि 'डू'वर जाऊन बसतो, 'डज' होतो, मागे राहतं कोरं 'गो'. 'ही डज नॉट गो'. मी मुलांना सांगते, 'डज नॉट गोज' म्हणजे 'जातात नाहीत'. सगळी हसतात आणि पुढच्या वेळी लिहिता लिहिता स्वतःच थांबतात. प्रश्नाला पण तेच, 'डज ही गो', आणि 'डज शी हॅज' नाही, 'डज शी हॅव', कारण 'हॅज'मधला 'एस' पण तोच आहे, तो पण 'डज'वर गेला.

तिसरी चूक आवडीनिवडीची. 'आय लाइक्स जलेबी' आणि 'शी लाइक पोहा', एकाच मुलाच्या एकाच पानावर, बघून वाटतं उलटसुलट ठोकून दिलंय. पण मराठीत बोलून बघा, 'मला जलेबी आवडते', 'तिला पोहे आवडतात'. आपलं 'आवडणं' खाणाऱ्याचं ऐकत नाही, खायच्या वस्तूचं ऐकतं. जलेबी एक म्हणून 'आवडते', पोहे अनेक म्हणून 'आवडतात'. इंग्रजीत क्रियापद खाणाऱ्याचं ऐकतं, पदार्थ कितीही असू देत. म्हणून जिथे मराठीत 'मला', 'तिला', 'त्याला' येतं, मला पाहिजे, तिला हवंय, त्याला आठवतं, तिथे थांबून विचारायचं, हे कोणाच्या मनात चाललंय? तिच्या. मग 'शी लाइक्स', 'शी वॉन्ट्स', 'शी रिमेंबर्स'.

आता 'आहे'. ह्या एका शब्दाने आपल्या लोकांना इंग्रजीत जेवढा त्रास दिलाय तेवढा कशानेच नाही, मोठ्या माणसांना पण. 'मी सहमत आहे' म्हणून 'आय ॲम अग्री'. 'मला माहीत आहे' म्हणून 'आय ॲम नो'. 'मला दोन भाऊ आहेत' म्हणून कोणी 'माय टू ब्रदर्स आर' लिहितो तर कोणी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. मराठीत 'सहमत' आणि 'माहीत' हे शब्द एकटे उभे राहत नाहीत, त्यांना 'आहे'चा टेकू लागतो. इंग्रजीतलं 'अग्री' आणि 'नो' ही स्वतःच क्रियापदं आहेत, टेकू नको. 'आय अग्री', संपलं. तपासायचं असं की 'ॲम, इज, आर'च्या पुढे कोरं क्रियापद दिसलं की काहीतरी बिघडलंय, एकतर 'ॲम' काढा नाहीतर पुढे 'इंग' लावा, अर्थ बघून ठरवा. आणि आपल्याकडे 'असणं' आणि 'जवळ असणं' ह्याला एकच 'आहे', इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं. जिथे मराठीत 'मला', 'माझ्याकडे', 'माझ्याजवळ' येतं तिथे 'हॅव', आणि 'तिला', 'तिच्याकडे' आलं की 'हॅज'. 'मी आहे, ती आहे' तिथे 'ॲम' आणि 'इज'.

'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' हे पण ह्याच घरातलं, 'मला समजत नाहीये', 'मेरे को समझ में नहीं आ रहा'. समजणं, माहीत असणं, पाहिजे असणं, मालकीचं असणं ह्यांना 'इंग' नको, 'आय डोन्ट अंडरस्टँड'. ती कामं नाहीत, अवस्था आहेत, आत्ता सुरू केलं आणि पाच मिनिटांनी बंद केलं असं त्यांचं होत नाही. पण 'हॅव' आणि 'थिंक' दोन्हीकडे जातात हे लक्षात ठेवा. 'आय हॅव अ सायकल', सायकल माझ्याकडे आहे, पण 'आय ॲम हॅविंग लंच', जेवतेय, आता हे काम झालं. 'आय थिंक ही इज राइट', माझं मत आहे, पण 'आय ॲम थिंकिंग', विचार करतेय, थांब जरा.

साधा, चालू आणि पूर्ण ह्या तिन्ही वर्तमानकाळांसाठी आमच्या इंदूरात कचरागाडीसारखा मास्तर नाही. सकाळी गल्लीच्या टोकाला ते गाणं वाजायला लागतं, भाची माझ्याकडे राहायला असते तेव्हा ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन तीच धावते, आणि मी गॅसपाशी उभं राहून ओरडून विचारते, इंग्रजीत सांग! रोज येते, 'द व्हॅन कम्स एव्हरी मॉर्निंग'. गाणं ऐकू येतंय पण गाडी दिसत नाहीये, येतेय, 'द व्हॅन इज कमिंग'. दारात उभी आहे, आलीये, 'द व्हॅन हॅज कम'. कोपऱ्यावरून वळली, गेलीये, 'द व्हॅन हॅज गॉन'. दोन मिनिटांत सगळं होतं आणि डोळ्यांसमोर होतं, वहीत दहा वेळा लिहून जे झालं नाही ते आठवडाभरात झालं. इथे मराठी पूर्ण आपल्या बाजूने आहे, येते, येतेय, आलीये, तिन्ही रूपं आपल्याकडे वेगवेगळी आहेत. कोणाच्या घरात 'येऊन राहिली' म्हणत असतील, इथे पुष्कळ घरांत म्हणतात, तर ते पण 'इज कमिंग'च.

पण दोन ठिकाणी मराठी दगा देते. एक, निघताना आपण 'येतो हं' म्हणतो, आणि 'उद्या येतो' म्हणतो, म्हणून 'आय कम टुमारो' होतं. इंग्रजीत माणसाच्या कबुलीला 'आय विल कम' किंवा 'आय ॲम कमिंग'. साधा वर्तमानकाळ पुढच्या गोष्टीला चालतो तो वेळापत्रकात छापलेल्या गोष्टीला, 'द अवंतिका लीव्हज टुमारो ईव्हनिंग', कारण गाडीची वेळ आधीच ठरलीये. दुसरं, मराठीत 'मी कालच आलेय' अगदी बरोबर आहे, पण 'आय हॅव कम येस्टरडे' चालत नाही. काल, सोमवारी, २०१७ मध्ये असा संपलेला वेळ वाक्यात आला की 'हॅव' बाहेर, साधा भूतकाळ आत. इंदूर स्वच्छतेत २०१७ मध्ये पहिल्यांदा देशात पहिलं आलं, मुलांना ह्याचा अभिमान आहे, निबंधात येतंच, तर ते 'इंदूर केम फर्स्ट इन २०१७', 'हॅज कम' नाही.

आणि 'पासून'. 'मी पंधरा वर्षांपासून रामबागेत राहतेय' ह्याचं मोठमोठे शिकलेले लोक 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फिफ्टीन इयर्स' करतात, एका वाक्यात दोन चुका. पहिली क्रियापदाची. मराठीत 'राहतेय'च्या जागी 'राहत आलेय' टाकून बघा, बसतंय ना, मग 'ॲम लिव्हिंग' नाही, 'हॅव बीन लिव्हिंग'. मी शिकवत आलेय, 'आय हॅव बीन टीचिंग'. बाबा काम करत आलेत, 'माय फादर हॅज बीन वर्किंग', आणि इथे परत 'आलेत' ऐकून 'हॅव' लिहू नका, दादा टेस्ट लावा. दुसरी चूक 'सिन्स'ची. 'पासून' काढून 'गेली' लावून बघायचं, 'गेली पंधरा वर्षं' बरोबर वाटतं, म्हणून 'फॉर फिफ्टीन इयर्स'. 'गेली २०१०' असं कोणी म्हणत नाही, म्हणून 'सिन्स २०१०'.

आता त्या कुप्रसिद्ध जोड्या, 'लाय' आणि 'ले', 'राइज' आणि 'रेज', 'सिट' आणि 'सेट'. मला स्वतःला ह्या फार आवडतात, कारण इथे इंग्रजी आपल्या एकदम जवळ येते. मराठीत बसणं आणि बसवणं, निजणं आणि निजवणं, उठणं आणि उठवणं, पडणं आणि पाडणं. स्वतः करायचं एक, दुसऱ्याकडून करवायचं दुसरं. जुन्या इंग्रजीत आणि तिच्या बहिणींमध्ये ही सोय होती, मधला स्वर बदलून करायचे, आपण 'पडणं'चं 'पाडणं' करतो तसंच. 'सिट'चं 'सेट', 'लाय'चं 'ले', 'फॉल'चं 'फेल', 'राइज'चं 'रेज', आता अशा मोजक्याच जोड्या उरल्यात. गणपतीत घरी मूर्ती आणली की मी मुलांना चौरंगासमोरच सांगते, गणपती बसवतो, 'वी सेट द मूर्ती ऑन द चौरंग', गणपती बसलेत, 'द मूर्ती सिट्स ऑन द चौरंग'. बाळ पलंगावर पडलंय, 'द बेबी इज लाइंग', आई बाळाला निजवतेय, 'द मदर इज लेइंग द बेबी ऑन द बेड'. सूर्य वर येतो, 'द सन राइजेस', ती हात वर करते, 'शी रेजेस हर हँड'. झाड पडतं, 'द ट्री फॉल्स', झाड पाडतो, 'ही फेल्स द ट्री'. ओळखायचं कसं, तर मराठीत 'वणं' किंवा 'पाडणं'सारखं रूप येत असेल, म्हणजे कशाला तरी काहीतरी केलं जात असेल, तर जोडीतला दुसरा शब्द. कोंबडी अंडं घालते, अंडं ही वस्तू आली, म्हणून 'द हेन लेज अॅन एग'. 'लाय'मध्ये गोंधळ व्हायचं अजून एक कारण आहे, त्याचा भूतकाळ 'ले'च आहे, काल मी आडवी पडले, 'आय ले डाउन', त्यामुळे 'ले' कानावर दोन्हीकडून पडतं. आणि खोटं बोलणं पण 'लाय'च, 'लाइज, लाइंग', वर्तमानकाळात दोघांची रूपं सेम, तिथे अर्थावरूनच कळतं.

'बोरो' म्हणजे उसनं घेणं, 'लेंड' म्हणजे उसनं देणं, 'बोरो मी युअर पेन' नको, 'लेंड मी युअर पेन'. 'से' म्हणजे म्हणणं आणि 'टेल' म्हणजे सांगणं, आपण 'मला म्हणते'पेक्षा 'मला सांगते' जास्त म्हणतो ना, तसंच 'शी टेल्स मी', 'शी सेज मी' नाही. आणि 'सेज'चा उच्चार आखूड करा, 'सेझ', 'प्लेज'सारखा ताणू नका.

स्पेलिंगचं थोडक्यात. शेवटी 'वाय' आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर 'वाय' जाऊन 'आय-ई-एस', 'स्टडी'चं 'स्टडीज', आधी स्वर असेल तर नुसता 'एस', 'प्लेज'. शेवटी 'एस-एस', 'एस-एच', 'सी-एच', 'एक्स' असेल तर 'ई-एस', 'गो' आणि 'डू'ला पण. 'लाय' आणि 'डाय'ला 'इंग' लावताना 'आय-ई'चा 'वाय' होतो. 'सिट' आणि 'रन'ला शेवटचं अक्षर डबल, 'ओपन' आणि 'व्हिजिट'ला नाही, कारण तिथे जोर पहिल्या तुकड्यावर आहे, 'बिगिन'मध्ये शेवटच्या तुकड्यावर आहे म्हणून तिथे डबल.

आता एक लक्षण सांगते ज्याला बघून घाबरू नका. दादा टेस्ट सुरू केल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात भाचीने लिहून आणलं, 'माय फादर अँड मदर गोज टू सराफा'. बहीण फोनवर म्हणाली, बघ, आता बरोबर होतं ते पण बिघडलं. बिघडलं नव्हतं, 'फादर' दिसला की 'एस' लावायचा अशी सवय हाताला लागली होती, ही मधली पायरी सगळ्याच मुलांची येते. मी काही खोडलं नाही, फक्त विचारलं, सराफ्यात कोण कोण गेलंय? ती म्हणाली, आई आणि बाबा. डोकी किती? तिने बोटं वर केली, दोन, आणि रबर घेऊन 'एस' खोडला, मग पुढची ओळ न विचारताच वाचायला लागली, तिथे 'माय ग्रँडफादर स्टेज अॅट होम' होतं, त्याच्यावर बोट ठेवून म्हणाली, हे असू दे ना, आजोबा एकटेच आहेत घरी.